ऑफलाइन चालणारे आणि परवडणारे डिजिटल चित्रकलेचे सॉफ्टवेअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्र रंगात आलेले असते आणि पडद्यावर पाटी झळकते : ‘परवाना तपासता आला नाही, इंटरनेट जोडा.’ हातातली रेघ हातातच राहते. ज्यांच्याकडे नेट सतत नसते, ज्यांना दरमहा पैसे भरणे जमत नाही, किंवा आपले काम दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून असू नये असे ज्यांना वाटते, त्यांच्याकडून मला पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

‘ऑफलाइन चालते’ असे सगळेच लिहितात. त्याचा नेमका अर्थ काय धरायचा?

हा शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि फसगत तिथेच होते.

पहिला प्रकार खरा ऑफलाइन. इन्स्टॉलरची फाइल एकदा उतरवून घेतली की पुढे कधीच, कोणाकडेच विचारणा होत नाही. क्रिटा, गिम्प, मायपेंट या प्रकारातले. दुसऱ्या प्रकारात सुरुवातीला एकदाच नेट लागते, परवान्याची किल्ली टाकण्यासाठी किंवा खात्यात शिरण्यासाठी. त्यानंतर काम बिनबोभाट चालते, पण संगणक फॉरमॅट केला की ती पायरी पुन्हा येते. तिसऱ्या प्रकारात सॉफ्टवेअर ठरावीक दिवसांनी घरी फोन केल्यासारखे कंपनीच्या सर्व्हरला विचारून येते. सबस्क्रिप्शनवर चालणारी बहुतेक सॉफ्टवेअरे अशीच असतात. मधले दिवस ती ऑफलाइन चालतात, म्हणून जाहिरातीत तसे लिहिलेले खोटे नसते, पण मुदत संपली की दार बंद. चौथ्या प्रकारात सॉफ्टवेअर उघडते, रेघही उमटते, पण चित्रे, ब्रश किंवा रंगसंच क्लाउडवर असतात आणि नेट नसेल तर निम्मे कपाट रिकामे दिसते.

तुमची गरज कोणत्या प्रकाराने भागते ते आधी ठरवा. आठवड्यातून एकदा नेट मिळत असेल तर दुसरा प्रकार अगदी पुरेसा आहे. महिनोन्‌महिने मिळत नसेल तर पहिल्याशिवाय इलाज नाही.

हे पडताळायचे कसे? विकत घेतल्यावर कळून काय उपयोग?

बहुतेक चांगली सॉफ्टवेअरे काही दिवस फुकट वापरून पाहू देतात. त्या दिवसांत ब्रश किती सुंदर आहेत हे तर बघाच, पण त्याआधी ही परीक्षा घ्या.

नेट बंद करा. नुसते बंद करून थांबू नका, संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, कारण काही सॉफ्टवेअरे आधीची ओळख लक्षात ठेवून पहिल्यांदा उघडतात. आता नवे चित्र सुरू करा, चार-पाच थर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे, म्हणजे लेयर) घाला, तुमच्या रोजच्या वापरातले सगळे ब्रश एकेकदा ओढून बघा. चित्र सेव्ह करा, मग पीएनजी (सपाट चित्र) आणि पीएसडी (फोटोशॉपची थरांसह फाइल) अशा दोन्ही रूपांत एक्सपोर्ट करा. एक्सपोर्टच्या वेळी खाते मागणारी सॉफ्टवेअरे आहेत, आणि ते कळायची ही चुकीची वेळ असते. शेवटी मदतीचे पान उघडते का ते पाहा.

याहून कडक परीक्षा अशी : इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घ्या आणि कधीच नेट न जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर सॉफ्टवेअर बसवून बघा. माझ्या मते खरा निकाल याच परीक्षेत लागतो. आज सगळे चालू आहे. पण हार्ड डिस्क गेली, संगणक बदलला, कंपनीने सर्व्हर बंद केला, अशा दिवशी तुमच्या हातात काय उरते, ते यातून कळते. असे दिवस खरोखर येतात. ॲडोबीने २००५ साली आणलेल्या क्रिएटिव्ह सूट २ या संचाचा परवाना तपासणारा सर्व्हर पुढे बंद केला, आणि पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर लोकांना पुन्हा बसवता यावे म्हणून २०१३ च्या सुमारास तपासणी नसलेली वेगळी आवृत्ती द्यावी लागली. तिथे ग्राहकांची सोय लावली गेली. प्रत्येक कंपनी तेवढे करेलच असे नाही.

मी अगदी नवा आहे. एकच नाव सांगा.

क्रिटा.

विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते, मोफत आहे, आणि परवान्याची कसलीही तपासणी नाही. केडीई या मुक्त स्रोत (ज्यात मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता, वाटता येतो) समूहात १९९९ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि २००५ मध्ये ते पहिल्यांदा लोकांच्या हाती आले. क्रिटा हा स्वीडिश शब्द, अर्थ खडू. सुरुवातीला ते फोटो दुरुस्त करण्याचे साधन होणार होते. पुढे ते फक्त चित्रकारांसाठी घडवायचे असे करणाऱ्यांनी ठरवले आणि तो निर्णय वापरताना जागोजागी जाणवतो.

उदाहरणार्थ, पेनचे बटण किंवा माऊसची उजवी कळ दाबली की कर्सरभोवती गोल तबकडी उघडते. तिच्यात तुमचे आवडते ब्रश आणि रंगाचे चक्र असते, त्यामुळे नजर चित्रावरून हलवावी लागत नाही. ‘एम’ दाबले की कॅनव्हास आरशातल्यासारखा उलटा दिसतो आणि चेहऱ्यातला तिरकेपणा क्षणात डोळ्यांत भरतो. ‘डब्ल्यू’ दाबले की चित्र चारही बाजूंनी स्वतःलाच जोडले जाते. कापडावरच्या नक्षीसारखे सलग आवर्तन काढणाऱ्यांना ही सोय सोन्यासारखी आहे. हात थरथरत असेल तर रेघ स्थिर करणारा स्टॅबिलायझर आहे. यथार्थदर्शनासाठी मार्गरेषा आहेत, ज्यांना ब्रश आपोआप चिकटून चालतो. २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून चौकटी-चौकटींचे ॲनिमेशनही आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. अक्षरे लिहिण्याचे साधन बरीच वर्षे अडचणीचे होते आणि अजूनही मोठा मजकूर त्यात मांडू नये. खूप मोठा ओला ब्रश मोठ्या कॅनव्हासवर ओढला तर साधारण संगणक मागे पडतो. आणि पर्याय इतके आहेत की पहिल्या दिवशी गोंधळायला होते. त्यावर उपाय एकच : पहिला महिना तीन ब्रश निवडा, पेन्सिलसारखा एक, कडक कडेचा एक आणि रंग मिसळणारा एक. बाकीच्यांकडे बघूच नका.

क्रिटा स्टीमवर आणि मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये पैसे देऊन मिळते, मग फुकट कसे?

दोन्हीकडे सॉफ्टवेअर एकच. दुकानातून घेतले की ते आपोआप अद्ययावत होत राहते आणि तुमचे पैसे क्रिटा घडवणाऱ्यांना मिळतात. क्रिटाच्या संकेतस्थळावरून थेट उतरवले तर काही द्यावे लागत नाही. ऑफलाइन वापरणाऱ्याने संकेतस्थळावरूनच घ्यावे, कारण तिथे स्वतंत्र इन्स्टॉलरची फाइल मिळते आणि ती जपून ठेवता येते. परवडत असेल तर नंतर देणगी द्या. मी देतो.

गिम्प तर आधीपासून माझ्याकडे आहे. ते चालणार नाही का?

चालेल. पण गिम्पचा पिंड फोटो संपादनाचा आहे. १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतले, ते प्रतिमा दुरुस्त करण्यासाठी. कापणे, जोडणे, रंग सुधारणे, स्कॅन केलेल्या पेन्सिल रेखाटनाचा कागद पांढरा करणे यात ते पक्के आहे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत फिल्टर मूळ चित्र न बिघडवता लावता येतात, ही मोठी सुधारणा. पण तासन्‌तास बसून रंगवण्यात जो हाताचा ओघ लागतो तो क्रिटात जास्त मिळतो. मी स्वतः दोन्ही ठेवतो : स्कॅन गिम्पमध्ये साफ करायचे, रंग क्रिटात भरायचे.

मला इतके पर्याय नकोत. वही उघडली आणि रेखाटायला लागलो, असे काही आहे का?

मायपेंट बघा. त्यात कॅनव्हासला कडाच नाहीत. काढत जाल तिकडे कागद वाढत जातो. आधी आकार ठरवा, रिझोल्यूशन ठरवा, असे काही विचारत नाही. २०२० च्या २.० आवृत्तीत रंग मिसळण्याची पद्धत बदलली : निळ्यावर पिवळा घासला तर खऱ्या रंगांप्रमाणे हिरव्याकडे झुकतो, मळकट राखाडी होत नाही. निवड करण्याची साधने, मजकूर, फिल्टर यांची मात्र अपेक्षा धरू नका. कल्पना रेखाटायला मायपेंट आणि पूर्ण करायला दुसरे काही, अशी जोडी छान जमते.

थोडे पैसे खर्च करायची तयारी आहे. एकदाच पैसे देऊन काय घ्यावे?

तुम्ही काय काढता त्यावर आहे.

चित्रकथा, कॉमिक्स काढत असाल तर क्लिप स्टुडिओ पेंट. जपानच्या सेल्सिस कंपनीचे आहे. चौकटी आखणे, बोलण्याचे फुगे, छटांचे ठिपके या कामांत त्याच्या तोडीचे मला दुसरे दिसले नाही. घेताना दोन गोष्टी नीट वाचा. प्रो आणि ईएक्स अशा दोन पातळ्या आहेत : अनेक पानांची एकत्र फाइल फक्त ईएक्समध्ये होते, आणि प्रोमध्ये ॲनिमेशन २४ चौकटींपुरतेच. दुसरे म्हणजे, एकदाच पैसे देऊन मिळणारा परवाना फक्त विंडोज आणि मॅकवर आहे. टॅब्लेट-मोबाईलवर सबस्क्रिप्शनच. २०२३ च्या २.० आवृत्तीपासून एकरकमी परवाना तुम्ही घेतलेल्या आवृत्तीला बांधलेला असतो. पुढच्या आवृत्तीतल्या सोयी हव्या असतील तर वेगळे पैसे. मला हे वाईट वाटत नाही. घेतलेले हत्यार तसेच राहते आणि नवे घ्यायचे की नाही ते आपण ठरवतो. त्याचा ब्रशांचा मोठा साठा मात्र नेटवर आहे, तेव्हा नेट असेल त्या दिवशी हवे ते उतरवून घ्या.

जुना किंवा अशक्त विंडोज संगणक असेल तर पेंट टूल साई. हेही जपानी, सिस्टिमॅक्सचे, पहिली आवृत्ती २००८ ची. आकाराने अगदी लहान, उघडायला क्षणभर, आणि त्याची रेघ इतकी गुळगुळीत की लोक केवळ त्यासाठी वर्षानुवर्षे ते सोडत नाहीत. ऑफलाइनवाल्यांसाठी त्याची परवान्याची पद्धत मला फार आवडते. तुमच्या संगणकाचा एक क्रमांक सॉफ्टवेअर दाखवते. तो क्रमांक देऊन दुसऱ्या कोणत्याही संगणकावरून परवान्याची छोटी फाइल मिळवायची आणि पेनड्राइव्हने आणून ठेवायची. चित्रे काढायच्या संगणकाला नेट दाखवायचीही गरज नाही. मर्यादा : फक्त विंडोज, आणि छपाईच्या सीएमवायके रंगांत काम करता येत नाही.

जलरंग, तैलरंग यांचा भास हवा असेल तर स्लोव्हाकियातल्या एस्केप मोशन्सचे रेबेल. ओला रंग कागदावर पसरतो, उतारावर ओघळतो, वाळतो. खऱ्या जलरंगांची सवय असलेल्या हाताला ते लगेच ओळखीचे वाटते, पण संगणकात ताकद हवी. न्यूझीलंडचे आर्टरेज त्याच वाटेवरचे, साधे आणि हलके.

सबस्क्रिप्शन दरमहा थोडेच असते. ते स्वस्त नाही का पडत?

एक महिन्याचे काम असेल तर पडते. चित्रकला मात्र एक महिन्याची नसते. कागद घ्या, मासिक रकमेला साठाने गुणा, म्हणजे पाच वर्षे, आणि तो आकडा एकरकमी परवान्याशेजारी लिहा. बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो.

पैशांपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त टोचते. पैसे भरणे थांबले की सॉफ्टवेअर जाते आणि त्याच्या खास रूपात साठवलेली जुनी चित्रे उघडायला अडचण येते. आजारपण, नोकरी जाणे, शिक्षण संपणे यांत नेमके तेच घडते, आणि हाताशी काम असावे असे तेव्हाच सर्वांत जास्त वाटत असते.

फुकट म्हणजे कायमचे फुकट का?

नाही, आणि इथे मुक्त स्रोत आणि नुसते मोफत यांतला फरक कळीचा आहे. स्केचबुकचे उदाहरण घ्या. ऑटोडेस्कने २०१८ मध्ये ते सगळ्यांसाठी मोफत केले, लोक आनंदले. २०२१ मध्ये ते वेगळ्या कंपनीकडे गेले आणि संगणकावरची नवी आवृत्ती विकत घ्यायची झाली. यात कोणी फसवले असे मी म्हणत नाही. मोफत देणे हा मालकाचा निर्णय होता, तो मालकाने बदलला. फायरअल्पाका, मेडिबँग, आयबिस पेंट हीही मोफत मिळतात, पण जाहिराती किंवा पैसे देऊन उघडणाऱ्या सोयी यांवर त्यांचा संसार चालतो.

क्रिटा आणि गिम्प जीपीएल या मुक्त स्रोत परवान्याखाली आहेत. एकदा तुमच्या हाती आलेली आवृत्ती वापरण्याचा, तिच्या प्रती काढण्याचा, दुसऱ्याला देण्याचा हक्क कोणालाही परत घेता येत नाही. उद्या करणाऱ्यांनी काम थांबवले तरी तुमच्या पेनड्राइव्हवरचा इन्स्टॉलर चालतच राहतो.

म्हणजे एकच प्रत वर्गातल्या सगळ्या संगणकांवर टाकता येईल?

मुक्त स्रोत असेल तर हो, हव्या तितक्या. इतरांसाठी परवान्यात किती संगणकांची मुभा आहे ते वाचा.

माझा संगणक जुना आहे, रॅम चार जीबी. काय होईल?

आधी साधा हिशेब करू. ए४ कागद ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचा होतो, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. नेहमीच्या ८ बिट रंगात प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात : लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता. म्हणजे पूर्ण भरलेला एक थर सुमारे ३५ एमबी. वीस थर झाले की ७०० एमबी. १६ बिट निवडले तर दुप्पट. शिवाय मागे जाण्यासाठी सॉफ्टवेअर प्रत्येक पायरी लक्षात ठेवते, त्याची जागा वेगळी. चार जीबीतला मोठा वाटा विंडोज आधीच घेऊन बसलेले असते, तेव्हा गाडी कुठे अडणार ते दिसतेच.

क्रिटा चित्राचे ६४ गुणिले ६४ ठिपक्यांचे तुकडे करून साठवते आणि रिकाम्या तुकड्यांना जागा देत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात खर्च या हिशेबापेक्षा कमी येतो. तरीही जुन्या यंत्रावर पुढील सवयी लावा. रेखाटन आणि रंगांची पहिली मांडणी १५० डीपीआयला करा, तिथे एका थराला पाव जागा लागते. सगळे जमले की आकार वाढवून बारकावे काढा. संपलेले थर एकत्र करा, पण त्याआधी वेगळ्या नावाने प्रत ठेवा. १६ बिटची गरज नसेल तर ८ बिटच ठेवा. ब्राउझर बंद ठेवा, तो एकटा दोन-दोन जीबी खातो. क्रिटात ‘इन्स्टंट प्रिव्ह्यू’ चालू असेल तर मोठा ब्रश आधी कमी ठिपक्यांत दिसतो आणि मागून पूर्ण होतो, हाताला अडखळल्यासारखे वाटत नाही.

संगणक ३२ बिट विंडोजचा असेल तर क्रिटाची ४.४.३ ही त्यासाठीची शेवटची आवृत्ती. ती जुनी असली तरी चित्र काढायला काहीच कमी पडत नाही.

टॅब्लेटवर काय वापरू?

आयपॅड असेल तर प्रोक्रिएट. २०११ पासून आहे, टास्मानियातल्या सॅव्हेज इंटरॲक्टिव्हचे, एकदाच पैसे, आणि नेटशिवाय मजेत चालते. थरांची संख्या कॅनव्हासच्या आकारावर आणि आयपॅडच्या रॅमवर ठरते, म्हणून मोठी चित्रे काढायची असतील तर आधी तुमच्या आयपॅडवर किती थर मिळतात ते बघून मगच आकार ठरवा.

अँड्रॉइडच्या मोठ्या टॅब्लेटवर क्रिटा आहे. रूप संगणकासारखेच असल्याने लहान पडद्यावर बटणे बोटाखाली दबतात. मोबाईलवर त्याचा नाद करू नका. त्याची एपीके, म्हणजे अँड्रॉइडची इन्स्टॉलर फाइल, संकेतस्थळावर मिळते, म्हणजे ती जपून ठेवून दुकानाविना बसवता येते. मोबाईलवरच काढायचे असेल तर आयबिस पेंट बोटांसाठी नीट बेतलेले आहे.

टॅब्लेटबद्दल एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. या ॲप्समध्ये चित्रे बहुधा ॲपच्या पोटातच साठवलेली असतात. ॲप काढले की चित्रेही गेली. प्रोक्रिएट आणि आयबिस पेंट दोन्हींना हे लागू आहे. माझी दोन वर्षांची रेखाटने अशाच एका ॲपमधून गेली. टॅब्लेटमध्ये जागा कमी पडत होती, ॲप अडखळत होते, म्हणून काढून पुन्हा टाकले. उघडले तर दालन कोरे. त्यात माझ्या आजीचा झोपलेला चेहरा होता. तिच्या शेवटच्या दिवसांत काढलेला, पुन्हा काढता न येणारा. तेव्हापासून चित्र पूर्ण झाले की थरांसह फाइल बाहेर काढून हार्ड डिस्कवर ठेवल्याशिवाय मी टॅब्लेट खाली ठेवत नाही. तुम्हीही आज ठेवू नका.

पेन चालतो, पण दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होत नाही. सॉफ्टवेअर खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. विंडोजवर पेनचा दाब दोन वाटांनी पोहोचतो : जुनी विनटॅब आणि नवी विंडोज इंक. ड्रायव्हर (पेन आणि संगणक यांना जोडणारा छोटा प्रोग्रॅम) एका वाटेने बोलतो आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या वाटेवर कान लावून बसते, असे झाले की दाब हरवतो. क्रिटाच्या सेटिंग्जमध्ये टॅब्लेटच्या भागात ही निवड आहे. बदला, क्रिटा बंद करून उघडा. तरी जमले नाही तर आधीच्या पेन टॅब्लेटचा (संगणकाला जोडून पेनने रेखाटायच्या पाटीचा) ड्रायव्हर मागे राहिला आहे का ते पाहा. दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एका संगणकावर भांडतात. दोन्ही काढा, संगणक पुन्हा चालू करा, हवा तोच बसवा. ड्रायव्हरचा इन्स्टॉलरही सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरशेजारीच जपून ठेवा, ऑफलाइन संगणकावर तो नसेल तर सगळे अडते. लिनक्समध्ये वॅकॉम कंपनीच्या पेन टॅब्लेटचा आधार मुळातच असतो.

पेन टॅब्लेट नाही. माऊसवर शिकता येईल?

येईल, पण वाट वेगळी घ्या. माऊसला दाब कळत नाही, म्हणून पेन्सिलीसारखी रेघ काढण्याचा हट्ट सोडा. निवड करून आकार भरणे, मोठ्या सपाट छटा, कडक कडा, यांतून उत्तम चित्रे होतात. क्रिटात ब्रशची जाडी दाबाऐवजी हाताच्या वेगावर बांधता येते, त्याने रेघेला थोडा जीव येतो. पुढे पेन घेताना पडदा नसलेला साधा पेन टॅब्लेट घ्या. नजर एकीकडे आणि हात दुसरीकडे ही सवय दोन-तीन आठवड्यांत बसते.

चित्रे कोणत्या रूपात साठवू, म्हणजे दहा वर्षांनीही उघडतील?

तीन रूपांत. पहिले सॉफ्टवेअरचे स्वतःचे, कारण थर, मार्गरेषा सगळे त्यातच शाबूत राहते. दुसरे पीएनजी, सपाट, कोठेही उघडणारे. तिसरे, थरांसह दुसरीकडे न्यायचे असेल तर पीएसडी किंवा ओपनरास्टर (थर राखणारे मुक्त रूप). पीएसडीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका : एका सॉफ्टवेअरमधला मजकूर दुसऱ्यात नुसते चित्र होऊन येतो, थरांचे काही परिणाम बदलतात. पाठवण्याआधी उघडून बघा.

क्रिटाची फाइल मुळात झिप आहे. ती बिघडून उघडेनाशी झाली तर तिची एक प्रत काढा, नावाचा शेवट बदलून झिप करा आणि आत शोधा. ‘मर्ज्डइमेज’ नावाची पीएनजी सापडली तर निदान तयार चित्र तरी हाती लागते. या युक्तीने मी एका मैत्रिणीचे मुखपृष्ठ वाचवले आहे.

छपाईसाठी द्यायचे असेल तर?

छापखान्याला आधी विचारा, त्यांना काय हवे. पुष्कळ ठिकाणी आरजीबी (पडद्यावरचे लाल-हिरवा-निळा रंग) घेऊन ते स्वतः बदलतात. सीएमवायकेच हवे असेल तर क्रिटात थेट त्या रंगांत काम करता येते आणि छापखान्याची रंगांची प्रोफाइल घालता येते. झगझगीत निळा-हिरवा कागदावर फिका पडतो, तेव्हा ‘सॉफ्ट प्रूफ’ (छापल्यावरचे रंग पडद्यावर दाखवणारी सोय) लावून आधीच पाहून घ्या.

महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत मिळते. सगळे वापरतात. मी का नको?

कारण तुम्हाला तिची गरज नाही. परवान्याची तपासणी मोडणारी फाइल अनोळखी माणसाने लिहिलेली असते आणि ती चालवताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. त्या क्षणी तुमची सगळी चित्रे आणि पासवर्ड त्या माणसाच्या हवाली होतात. चित्रकलेतून कमवायला लागलात तर ग्राहकासमोर ते सांगताही येत नाही. मोफत मिळणाऱ्या प्रामाणिक साधनांनी व्यावसायिक दर्जाचे काम होते. फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेव्हॉय वर्षानुवर्षे क्रिटात काम करतात आणि आपले ब्रशही सगळ्यांना मोफत देतात.

नेट नसताना शिकायचे कसे?

क्रिटाचे संपूर्ण मार्गदर्शक ईपब पुस्तकाच्या रूपात उतरवता येते. गिम्पची मदतपुस्तिकाही संगणकावर बसवता येते. नेट मिळेल त्या दिवशी हे, हव्या त्या ब्रशांचे संच आणि इन्स्टॉलर एका फोल्डरमध्ये गोळा करा. ब्रश मात्र भाराभर घेऊ नका.

नवी आवृत्ती आली की लगेच घ्यावी का?

चालू चित्र अर्धवट असेल तर मुळीच नाही. नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्यात नीट उघडेलच असे नसते. हातातले काम संपवा, फाइलींची प्रत काढा, मग नवी बसवा. जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर काढून टाकू नका, फोल्डरच्या नावात आवृत्ती आणि तारीख लिहून ठेवा. लिनक्सवर क्रिटा ॲपइमेज नावाच्या एकाच फाइलीत मिळते, म्हणून तिथे जुनी आणि नवी शेजारी शेजारी ठेवून दोन्ही चालवता येतात. एक चित्र दोन्हींत उघडून बघा आणि खात्री पटली की पुढे जा.